वाटी आधी पायाला

सोमवार, १२ फेब्रुवारी १९९६

तुझ्या शेवंताचे गुडघे मी पोटाशी दाबून धरले तेव्हा तिचे ओठ जांभळे होते आणि नखं त्याहून गडद. वॉर्डातल्या द्वारकाबाईंनी ऑक्सिजनची नळी नाकाशी धरली होती. मी आकडे मोजत होते. एकशे दहापर्यंत आल्यावर शेवंता रडली. रडली म्हणजे श्वास आला. सकाळी सव्वासातला हे झालं. आता दुपारचे तीन वाजलेत, रंग नेहमीचा आहे, म्हणून लिहायला बसले.

आवडा, असे झटके तू इथं असतानाही तिला येत होते. हा तुझ्यामुळे आलेला नाही. तिच्या हृदयाला छिद्र आहे आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद आहे, म्हणून येतो. तुला हे ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण तुला गावी सोडून तुझे यजमान बद्रीनाथ काल परत आले तेव्हा म्हणाले, की वाटभर तू हेच विचारत होतीस.

ते लगेच मुंबईच्या गाडीत बसले. तिथून एक औषध आणायचं आहे. का, ते नीट सांगते, शनिवारी सांगायला सवड झाली नाही.

शनिवारी तुझ्या मानेवर फोड दिसले. कांजिण्या फोड दिसायच्या दोन दिवस आधीपासून दुसऱ्याला लागतात. ते दोन्ही दिवस शेवंता तुझ्या मांडीवर होती. दुसऱ्या लेकराचं आठ दिवसांत निभावलं असतं. पण अंगाला आजाराशी लढायला शिकवणारी एक ग्रंथी छातीत असते, ती हिची वाढलीच नाही. म्हणून तर तिला कोपऱ्यातली वेगळी खोली, म्हणून आत येताना हात धुणं, म्हणून पोलिओचा डोसही दिला नाही. हे औषध चार दिवसांच्या आत गेलं पाहिजे. त्यानंतरही अठ्ठावीस दिवस वाट पाहायची, म्हणजे नऊ मार्चपर्यंत. तेरा मार्चला मुंबईत ऑपरेशनची तारीख आहे. नऊपर्यंत अंगावर काही उठलं नाही तर आपण जाऊ.

शनिवारी मी जरा मोठ्याने बोलले. वॉर्डात अशा वेळी बोलावं लागतं. हृदयाची आणखी तीन लेकरं पलीकडेच होती.

नखं काप. खाजवू नकोस. पाणी भरपूर पी. तू सातवीपर्यंत शिकलीस हे मला आठवतं, म्हणून सरळ तुझ्या नावाने पाठवते.

दमयंती सिस्टर

रविवार, १८ फेब्रुवारी

बद्रीनाथ मंगळवारी दुपारी आले. थर्मासमध्ये बर्फ, बर्फात बाटली. नाशिकच्या पुढे बर्फ वितळला, तर एका ढाब्यावर सोड्याच्या पेटीतला मागून भरला म्हणाले. हाताच्या शिरेतून चार तास हळूहळू औषध दिलं. ताप आला नाही. श्रीनिवास डॉक्टर खुश होते. बद्रीनाथ तिथूनच वाळूजला रात्रपाळीला गेले. दोन दिवस झोपलेले नव्हते. मशीनवर नीट उभे राहा, एवढंच मी म्हणू शकले.

तुझं उत्तर आलं नाही. पोस्ट उशिरा पोचत असेल.

शेवंता आता फक्त माझ्याकडे आणि द्वारकाबाईंकडे आहे. ज्यांना लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यात, त्यांनीच त्या खोलीत जायचं असा नियम केला. दोघी नव्या सिस्टर बाहेर थांबतात. काचेतून तिला हात करतात.

एक अडचण आहे. ती दूध घेत नाही. दिवसभरात चार-पाच चमचे जातात, मग तोंड मिटते, मान फिरवते, रडायला लागते. रडली की निळी पडते, म्हणून जबरदस्ती करता येत नाही. सोमवारी पाच किलो शंभर होती. आज चार नऊशे पन्नास. वजन असंच उतरलं तर मुंबईचे डॉक्टर टेबलावर घेणार नाहीत. नाकातून नळी घालायची म्हटलं तर ती सुरू करायची कधी आणि काढायची कधी, आणि नळीबरोबर काय काय आत जाईल, याची भीती.

द्वारकाबाई काल म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही मोठं शिकलेल्या. पर तुमचा चमचा बघितला की पोरगी असं तोंड करते, जशी तुम्ही छडी घेऊनच आल्या."

"मग तुम्ही पाजा."

त्यांनी पाजलं. तीन चमचे. चौथा त्यांच्या लुगड्यावर.

या वॉर्डात मी किती आयांना वाटी-चमचा धरायला शिकवलं, त्याची गणती नाही. तुलाही शिकवलं होतं. पण तुझ्याकडून ती वाटी संपवायची, हे मी रोज पाहत होते आणि त्यात काही विशेष आहे असं मला वाटलं नव्हतं. तू काय करत होतीस? लिहायला जमत नसेल तर बद्रीनाथांजवळ सांग. लवकर सांग.

दमयंती सिस्टर

शनिवार, २४ फेब्रुवारी

काल बद्रीनाथ खिडकीच्या बाहेर उभे राहिले आणि काचेला तोंड लावून ओरडले, "सिस्टर! ती म्हनली, वाटी आधी पायाला लावायची!"

मला वाटलं दमल्यामुळे काहीतरी बोलताहेत.

"कुणाच्या पायाला?"

"लेकराच्या हो. कोमट वाटी आधी तळपायाला टेकवायची. मंग पोटाला. मंग हनुवटीला. मंग ती तोंड उघडती. एकदम तोंडापाशी नेली तर नाय घेत. ती म्हनली, सिस्टरबाईंना सांगा, तिला लई भ्या बसलंय तोंडापाशी आलेल्या वस्तूचं."

मी केलं. पायाला, पोटाला, हनुवटीला. तिनं तोंड उघडलं. अकरा चमचे. आज सकाळी चौदा.

मी नंतर विचार केला. जन्मल्यापासून तिच्या तोंडापाशी जे आलं ते नळी होतं, ऑक्सिजनचा मास्क होता, कफ ओढायचं यंत्र होतं. वाटी येते आहे हे तिला दुरून कळायला हवं होतं. सात महिन्यांत तुला ते उमगलं. मला सांगायची तुझी कधी हिंमत झाली नसणार. आता वरच्या पाटीवर खडूने लिहून ठेवलं आहे, रात्रपाळीच्या सिस्टरसाठी: वाटी आधी पायाला.

वजन पाच किलोवर आलं. अंगावर काही नाही. रोज सकाळी उजेडात सगळे कपडे काढून बघते, कानामागे, काखेत, बोटांच्या बेचक्यात. आज चौदावा दिवस.

बद्रीनाथांना मी विचारलं, आवडाच्या खपल्या पडल्या असतील, आता ती येऊ शकते. एकदा येऊन गेल्यावर तिला पुन्हा धोका नाही, तिच्यापासून लेकराला धोका नाही. कधी येते?

त्यांनी बुटाकडे पाहिलं. मग म्हणाले, "आमची माय नाय म्हनती."

"का?"

"एक तर कांजिण्यांची बया अजून बोळवली नाय. दहीभात करून वेशीबाहेर नेल्याशिवाय घरच्या बाईनं वेस वलांडायची नाय. आन दुसरं... डॉक्टरसायबांनी मला कागद वाचून दाखवला व्हता. मी घरी जाऊन बोललो, चूक केली. तवापासून माय तिला म्हनती, तूच लपवलंस, कागदावर लिवलंय. आता कोन्त्या तोंडानं जातीस?"

त्या कागदाबद्दल मी तुला पुढच्या पत्रात लिहीन. आज ड्यूटी संपायला आली आहे.

दमयंती सिस्टर

गुरुवार, २९ फेब्रुवारी

ड्यूटी संपायला आली नव्हती. दोन तास होते.

सत्तावीस जानेवारीला तू तीन दिवस गावी राहून परत आलीस. दाराशी मी विचारलं, "घरी कुणी आजारी आहे का?" तू म्हणालीस, "नाही." मी वहीत "नाही" लिहिलं आणि तुला आत सोडलं. वीस वर्षं मी हाच प्रश्न याच दाराशी विचारते आहे.

तू खोटं बोलली नव्हतीस. घरी तुझ्या थोरलीला, लक्ष्मीला, बया आली होती, म्हणजे कांजिण्या. बया आली तर त्याला आजार म्हणत नाहीत. तसं म्हणणं म्हणजे घरी आलेल्या देवीला बाहेर काढणं. घरात फोडणी देत नाहीत, दाराला कडुलिंबाचा डहाळा लावतात, आणि कुणी विचारलं तर सगळे बरे आहेत म्हणतात. हे मला कुणी समजावून सांगायला नको. पोलीस ॲक्शननंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात ती आमच्या घरी आली होती. मी दहा वर्षांची. गावात साथीची चौकशी करायला सरकारी माणूस आला, तेव्हा आमची आई दारात उभी राहून म्हणाली, "सगळे खुशाल आहेत." आत आम्ही तिघं भावंडं पडलेली होतो. त्यातली दोघं उठलो.

इथपर्यंतचं मी कुणालाही सांगू शकले असते.

अठ्ठावीस जानेवारीला सकाळी चादर बदलताना शेवंताच्या उशाखाली मला कडुनिंबाची पानं सापडली. पाच पानांची काडी. तू अंघोळीला गेली होतीस. ती काडी हातात घेतल्यावर मला कळलं होतं. तुमच्या घरी काय आहे ते त्या क्षणी मला कळलं होतं, आवडा. मी ती कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि द्वारकाबाईंना म्हटलं, "या लोकांना किती वेळा सांगायचं." मग हात धुतले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. तुला कांजिण्या आल्या नव्हत्या हे तुझ्या पहिल्या कागदावर लिहिलेलं आहे. तुला आठव्या दिवशी बाहेर काढून एकविसाव्या दिवसापर्यंत लांब ठेवलं असतं. तुला फोड घरीच उठले असते. शेवंताला काहीही झालं नसतं.

का विचारलं नाही, याचं उत्तर गेले अठरा दिवस शोधते आहे. गर्दी होती, हे खरं. पण तुला बयेबद्दल विचारायचं तर मला तो शब्द तोंडाने उच्चारावा लागला असता. पांढरा गणवेश घातल्यापासून मी तो उच्चारला नाही. शिकाऊ सिस्टर शेजारीच उभ्या होत्या.

पहिल्या पत्रात लिहिलं की मी जरा मोठ्याने बोलले. मी काय बोलले ते तुला आठवत असेल. "मारायलाच आलीस का लेकराला?" बारा खाटांसमोर. तू पदर तोंडाशी धरून मागे मागे सरकत दाराबाहेर गेलीस, आणि तू जिना उतरायच्या आत मी कागदावर लिहिलं: आईने घरातील संसर्गाची माहिती लपवली. खाली माझी सही.

लपवलं मी.

दमयंती

सोमवार, ४ मार्च

आमच्या कागदावर खाडाखोड चालत नाही. चुकलेल्या ओळीवर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला नवं लिहायचं आणि सही करायची. शुक्रवारी मी ती रेघ मारली. बाजूला लिहिलं: आईने माहिती लपवली नाही. विचारणाऱ्याचा प्रश्न अपुरा होता. २८ जानेवारीला घरात कांजिण्या असल्याची खूण मला दिसली होती, मी कळवली नाही.

श्रीनिवास डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं. "सिस्टर, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिली. आता हे कशाला?"

"मुंबईचे लोक हा कागद वाचतील. माहिती लपवणारी आई म्हणून तिला लेकराजवळ थांबू देणार नाहीत. दुसरं माणूस आणा म्हणतील."

"ते मी फोनवर सांगितलं असतं."

"फोनवरचं तुम्ही सांगाल. कागदावरचं मी लिहिलं होतं."

त्यांनी कागद फाइलमध्ये ठेवला. मेट्रन बोलल्या, पुष्कळ बोलल्या. चौकशी होईल, बहुधा या वॉर्डातून हलवतील. तेरा तारखेपर्यंत इथंच राहू द्या, एवढं मी मागितलं. राहू दिलं.

दाराशी विचारायचा प्रश्नही बदलला. आता विचारतो: घरी कुणी आजारी आहे का? घरी किंवा शेजारी बया आली आहे का? दाराला लिंब लावलाय का? पहिल्याच दिवशी शेंद्र्याच्या एका आजीला द्वारकाबाईंनी हे विचारलं. आजी म्हणाली, "लिंब हाय की दारात. शेळी बांधते त्याला. का वो, दवाखान्याला पाला पायजे?" द्वारकाबाई मला म्हणाल्या, "सिस्टर, तुमचा प्रश्न लई चांगला, पर मान्सं कुठून आणायची त्याला?" तरी तिसऱ्या दिवशी एक बाई प्रश्न ऐकून हळूच "व्हय" म्हणाली. तिला आम्ही ओरडलो नाही. बाहेर बाकावर बसवलं, चहा दिला, लेकराला बघायला दुसरं कोण आहे ते विचारलं.

त्या कागदाची झेरॉक्स या पत्रासोबत आहे. बद्रीनाथांना मी सांगितलं आहे, की तुमच्या आईसमोर मोठ्याने वाचा, एक शब्द न गाळता. जमलं तर दोनदा.

शेवंता पाच किलो दोनशे. अंगावर काही नाही. तेविसावा दिवस. काल झटका आला नाही, परवाही नाही. संध्याकाळी उन्हं भिंतीवर येतात तेव्हा ती दाराकडे बघते. ती तुला शोधते असं मी म्हणणार नाही, सात महिन्यांच्या लेकराचं आपल्याला काय कळतं. दाराकडे बघते, एवढं खरं.

बयेची बोळवण करायची असेल तर कर. दहीभात कर, वेशीपर्यंत जा, काही गाळू नकोस. मग यावंसं वाटलं तर ये. माझं तोंड बघावंसं वाटणार नाही, तेही समजेन. सकाळची पाळी सोडून दुपारी ये, मी नसते.

दमयंती

शुक्रवार, ८ मार्च, संध्याकाळी सहा

बेंबीच्या वर डावीकडे एक ठिपका आहे. लाल, मोहरीएवढा. चारला अंग पुसताना दिसला. सकाळी नव्हता.

निळ्या पेनाने मी त्याभोवती गोल काढला आणि शेजारी वेळ लिहिली. तिला गुदगुल्या झाल्या. डास चावला असेल. घामोळं असेल. कांजिणीचा असेल तर सकाळपर्यंत त्यात पाणी भरेल आणि सोबतीला आणखी येतील. श्रीनिवास डॉक्टर बघून गेले. इंजेक्शनं आणून ठेवली आहेत, सकाळी फोड निघाले की लगेच सुरू करायची. मुंबईला अजून फोन केलेला नाही.

आणखी एकच दिवस निभावला असता तर. आज सत्ताविसावा.

वाळूजला कंपनीच्या फाटकावर बद्रीनाथांना निरोप गेला. पाळी अर्धी टाकून ते मोटरसायकलवर गावाकडे निघाले, असं फाटकावरच्या माणसाने कळवलं. तू निघशील की नाही, मला माहीत नाही. हे पत्र उद्याच्या टपालात टाकेन.

ताप शंभर. श्वास ठीक. दूध घेतलं. आज माझी पाळी दोनला संपली, पण मी इथंच आहे.

दमयंती

शनिवार, ९ मार्च, सकाळी अकरा

हे पत्र टाकलं नाही. तू साडेनऊच्या गाडीने आलीस आणि आता काचेपलीकडे आहेस. तरी पुरं करते, कारण बाहेर जे झालं ते तुला माहीत नाही.

साडेसहाला उजेडात बघितलं. गोलाच्या आत पाण्याचा फोड, बाहेर आणखी तीन, मानेमागे एक. सातला पहिलं इंजेक्शन दिलं. आठ-आठ तासांनी आठ दिवस द्यायचं आहे. डॉक्टर म्हणाले, मुंबईचं औषध गेलं होतं म्हणून फोड थोडे आहेत, छाती साफ आहे, पुढचे पाच दिवस बघू. यापेक्षा जास्त ते बोलले नाहीत.

तू माझ्याकडे न बघता हात धुतलेस, कोपरापर्यंत, आणि आत गेलीस. बरोबर केलंस.

तुझ्यामागून तुझ्या सासूबाई, सरूबाई, आल्या. मी दारात उभी राहिले.

"तुमीच व्हय त्या सिस्टर?"

"हो. मीच."

"लई बोलता म्हनं."

"बोलते."

"मी बी बोलते." त्या बाकावर बसल्या, पायातल्या चपला काढून बाकाखाली सरकवल्या. "लेकराला बया आली. मंग आमी घरी बसावं व्हय? तिच्यापाशी घरचं मानूस लागतं. सुनेला झोप आली की मी बसंन. मला आली व्हती बया, रजाकारांच्या आधीच. ही बघा." त्यांनी पदर सरकवून हनुवटीखालचे खड्डे दाखवले. मी जवळ जाऊन पाहिले. मग त्यांना हात कसे धुवायचे ते दाखवलं. साबण दोनदा लावा म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "एकदा तुमचा, एकदा माझा," आणि दोनदा लावला.

कागदाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

पावणेअकराला मुंबईचा फोन लागला. त्यांनी तेरा मार्च खोडला. खपल्या पडून महिना झाला पाहिजे म्हणाले. वजन टिकलं तर सतरा एप्रिल, बुधवार. मी बाहेर येऊन सरूबाईंना सांगितलं. त्यांनी तारीख माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतली.

"लिहून द्या," म्हणाल्या.

मी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. त्यांनी ती उलटी धरून बराच वेळ पाहिली, चार घड्या घातल्या आणि कनवटीला खोचली.